बॉम्बे कॅटबद्दल मदत हवी आहे, जरा अर्जंट

मंडळी, मांजरांच्या जातींमधलं कळणारं कुणी आहे का इथे? गिरगावातल्या माझ्या मावशीला एकाने काळंभोर पिल्लू 'बॉम्बे कॅट' म्हणून दाखवलंय, मुंबईचीच जुनी जात आहे म्हणतो आणि वीस हजार मागतोय, मावशी द्यायला तयार पण झाली. पण ही जात मुंबईची नाहीच ना, अमेरिकेत केंटकीमधल्या लुईव्हिलला निकी हॉर्नर बाईंनी १९५८ पासून बर्मीज आणि काळ्या अमेरिकन शॉर्टहेअरच्या ब्रीडिंगमधून तयार केली, त्यांना आपल्याकडच्या काळ्या बिबट्यासारखं दिसणारं मांजर हवं होतं, आणि १९७६ मध्ये तिकडे शोसाठी मान्यता मिळाली. खऱ्या बॉम्बेचे केस मुळापर्यंत काळे असतात, डोळे तांबूस. या पिल्लाचे केस उन्हात फुंकर मारून बघितले तर बुडाशी राखाडी दिसतात, डोळे हिरवट, पण लहानपणी डोळ्यांचा रंग बदलत असतो म्हणून नक्की सांगता येईना. कागद कुठले मागायचे आणि ते खरे आहेत हे तपासायचं कसं? मुंबईत डीएनए टेस्टसाठी सॅम्पल घेणारे डॉक्टर माहितीयेत का कुणाला? पिल्लू फार गोड आहे हो, घरी आणायला माझी ना नाहीच, पण खोट्या इतिहासाचे पैसे मावशीने का द्यायचे? रविवारच्या आत सांगा प्लीज.