मुंबई ते न्यूयॉर्क: विमान नक्की किती तास उडतं?

कोथरूडची आई:
जूनमध्ये लेकीच्या बाळंतपणाला न्यूयॉर्कला जायचंय. एकटीच, पहिल्यांदाच. तिकिटावर १२ तारखेला रात्री १.१५ ला मुंबईहून सुटणार आणि १२ तारखेलाच सकाळी ७ ला पोचणार असं छापलंय. पावणेसहा तासांत अमेरिका? जावई म्हणतात, पंधरा तास. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, साखरेच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून नीट कळायला हवं. अंतर तरी किती? पुण्याहून कधी निघू?

भूगोलवाले सर:
ताई, जावईबापूंचं बरोबर आहे. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे (हिवाळ्यात साडेदहा). तिथले सकाळचे ७ म्हणजे आपले दुपारचे साडेचार. झाले सव्वापंधरा तास.

अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. मी वर्गात मुलांना पृथ्वीगोलावर दोरा ताणायला लावायचो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिकेवरून जाते. गोलावरचा दोरा मात्र वर सरकतो, नॉर्वे आणि आइसलंडवरून जातो. सगळ्यात जवळचा रस्ता तोच. मुलं दोरा पुन्हा पुन्हा ताणून बघायची. तुम्हीही बघाच. अर्थात विमान अगदी त्या दोऱ्यावरून जात नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे, अशा जागा टाळून जावं लागतं. शिवाय त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, जेट स्ट्रीम म्हणतात तो. जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून येताना वेळ कमी लागतो.

वाकडकर:
काकू, तारीख नीट बघा! १२ च्या रात्री १.१५ म्हणजे ११ ला रात्री जेवून झाल्यावरची वेळ. माझी आत्या १२ ला संध्याकाळी बॅगा घेऊन निघाली, विमान पहाटेच गेलेलं. फार रडली होती. ११ ला दुपारी तीनच्या आत पुणं सोडा. जूनचा पाऊस आणि खंडाळ्याचा घाट, गाडी कुठे अडकेल सांगता येत नाही. रात्री दहाला टर्मिनल २ वर हवं. व्हीलचेअर आत्ताच फोन करून सांगून ठेवा, ऐनवेळी ताटकळावं लागतं.

सिस्टर, सहकारनगर:
गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पर्समध्ये ठेवा. कोणती गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांकडून पुण्याच्या वेळेनुसार कागदावर लिहून घ्या, आणि मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत बदलू नका. जागच्या जागी पावलं हलवत राहा, तास-दीड तासाने उठून चार पावलं चाला. चालायच्या वाटेलगतची सीट मागा.

कोथरूडची आई:
सर, शेजारच्या मुलाचा पृथ्वीगोल आणून दोरा ताणला. खरंच आइसलंडवरून गेला! लेकीला व्हिडिओ कॉलवर दाखवला. वाकडकर, मी १२ लाच निघणार होते हो. आता ११ ला दुपारी अडीचची गाडी सांगितली आहे.