एमडीआर टीबीच्या घरात सगळ्यांना व्हिटॅमिन डी द्यावं का?

ऊनसावली (धागाकर्ती): आमच्या वस्तीत एमडीआरचे, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे, पेशंट आहेत आणि ज्यांचे रिपोर्ट मी पाहिले त्यांचं डी फारच कमी होतं. माझं म्हणणं, अशा घरातल्या सगळ्यांचं डी सरकारने तपासावं आणि साठ हजार युनिटचे सॅशे फुकट द्यावेत. टीबीच्या जंतूशी लढताना आपल्या पेशी डीच्या मदतीने कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक द्रव्य बनवतात, हे 2006 मध्येच दाखवून झालंय. जिथे नेहमीची औषधं चालत नाहीत, तिथे शरीराची ताकद तरी नको का वाढवायला?

शिवडीकर: ताई, तळमळ पोचली, पण प्रयोगशाळेत दिसलं ते माणसांत टिकलं नाही. मंगोलियात 8,851 शाळकरी मुलांवर चाचणी झाली. जवळपास सगळ्यांचं डी कमी होतं. निम्म्यांना तीन वर्षं दर आठवड्याला 14,000 युनिट दिले. टीबीचा संसर्ग डी घेणाऱ्यांत 3.6 टक्के, न घेणाऱ्यांत 3.3 टक्के. म्हणजे फायदा शून्य. शिवाय आजारी माणूस घरात पडून असतो, जेवण जात नाही, त्यात रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधानेही शरीरातलं डी लवकर खर्च होतं. मग डी कमी म्हणून टीबी झाला, की टीबीमुळे डी उतरलं?

ऊनसावली: ती चाचणी निरोगी मुलांची. 2019 मध्ये आठ चाचण्यांची आकडेवारी एकत्र तपासली, त्यात एमडीआरच्या पेशंटची थुंकी डी दिल्यावर लवकर निगेटिव्ह झाली. ते का सोडता?

शिवडीकर: सोडत नाही. त्याच अभ्यासात सगळे पेशंट मिळून पाहिलं तर मुख्य निकषावर फायदा दिसला नाही, आणि एमडीआरवाले त्यात मोजकेच होते. पेशंटवर मोठी चाचणी व्हावी, मीही म्हणेन. पण तुम्ही मागताय घरातल्या निरोगी माणसांसाठी. त्यांना एमडीआर होतो तो खोकल्यातून तोच जंतू आल्याने. जंतूच्या जीनमध्ये झालेला बदल आपल्या रक्तातल्या डीने कसा पुसला जाणार?

केमिस्ट_कुर्ला: काउंटरवरचं सांगतो. "ताकदीचं" म्हणून सॅशे आवडीने नेतात आणि मळमळ होते म्हणून टीबीच्या गोळ्या मधेच सोडतात. मला भीती याची वाटते. डी तपासायचे पैसे कुणाकडे असतील तर आधी त्या घरातल्या मुलांचा एक्स-रे काढा.

दुसरा_मजला: गोवंडीच्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती पाहिल्यात का कुणी? दोन इमारतींत इतकी कमी जागा की खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लागते. ऊनही नाही, वाराही नाही. तिथे डी कमी येणार आणि टीबीही पसरणार, कारण खोकल्याची हवा खोलीतच फिरते. सॅशेने खिडकी उघडत नाही. दोन्हीचं मूळ त्या नकाशात आहे आणि तो मंजूर करणाऱ्यांना कुणी जाब विचारत नाही, याचा मला खरा संताप येतो.

शिवडीकर: अगदी. आणि घरच्यांसाठी काय चालतं त्याचा पुरावा आपल्याच देशात आहे. झारखंडमध्ये पेशंटच्या घरच्यांना दरमहा माणशी 5 किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तर त्यांच्यातला टीबी 39 टक्क्यांनी घटला. 2023 मध्ये छापून आलंय. आपल्याकडे सरकारचे पोषणाचे दरमहा 1,000 रुपये पेशंटलाच मिळतात, घरच्यांना काय?

ऊनसावली: डाळ-तांदळाची मागणी मला मान्य आहे, वॉर्ड ऑफिसला अर्ज द्यायचा तर मी पहिली सही करते. पण त्या शिध्यासोबत जीवनसत्त्वंही होतीच, तुम्हीच लिहिलंत. आणि पोरींचे पाय दुखतात, हाडं ठिसूळ होतात, त्यासाठी तरी डी हवंच. अर्जात ती एक ओळ मी घालणार.

शिवडीकर: घाला, पण "हाडांसाठी" असं लिहा. "टीबी टाळण्यासाठी" लिहिलंत तर मी सही करणार नाही.