मदत हवी आहे: फौंड्री लाईनमधल्या अनुभवी ताई कुणाच्या ओळखीत आहेत का?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण मेकॅनिकल डिप्लोमा करून कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओततात तो कारखाना) क्वालिटीला, म्हणजे माल तपासायच्या कामाला, लागली आहे. काम तिला मनापासून आवडतं. कास्टिंगमधलं (ओतीव भागातलं) ब्लो होल, म्हणजे वायू अडकून पडलेलं भोक, कुठलं आणि श्रिंकेज, म्हणजे धातू आकसून पडलेली पोकळी, कुठलं, हे जेवताना आम्हाला समजावते. पण शॉपवर मुलगी ती एकटीच. माल रिजेक्ट केल्यावरून मोल्डिंगवाल्यांशी (साचे बनवणाऱ्यांशी) वाजलं की सल्ला घ्यायला कुणी नाही. आई म्हणते, सोड ते, बँकेची परीक्षा दे. मला हे अजिबात पटत नाही.

घरचा आधार आहे, पण त्या कामातलं आम्हाला काय कळतं? शिकवणारा माणूस वेगळा आणि चार लोकांत आपल्यासाठी शब्द टाकणारा वेगळा. तिला दोन्ही लागतील. शाहू महाराजांनी त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंना हॉटेल काढायला मदत केली, आणि स्वतः तिथला चहा प्यायले. नुसत्या पैशानं ते हॉटेल चाललं नसतं.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत मुरलेल्या कुणी ताई, निवृत्त सुपरवायझर काका ओळखीत आहेत का? महिन्यातून एखाद्या रविवारी तासभर बोलले तरी पुष्कळ. नोकरी मागत नाही. पहिल्या भेटीत तिनं काय विचारावं, हेही सुचवा. नंबर सगळ्यांसमोर टाकू नका, मला वेगळा मेसेज करा.