घरातल्या चार टीव्हींना भिंतीतून कुठली केबल टाकू? (जुळे सोलापूर)

झिरीवाला
जुळे सोलापुरात घर बांधतोय. झिऱ्या (पाइपांसाठी भिंतीत खाचा) मारणं चालू आहे, पुढच्या आठवड्यात प्लास्टर. सेट-टॉप बॉक्स आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) हॉलमध्ये राहील. तेच चित्र वडिलांच्या खोलीत, स्वयंपाकघरात आणि वरच्या खोलीत पाहिजे. वरपर्यंत पाइपच्या वाटेनं १८ मीटर भरतं. वायरमन म्हणतो, लांब एचडीएमआय आणा, गाडून टाकू. टाकू का?

जुना_वायरमन
नका टाकू मालक. तांब्याची साधी एचडीएमआय फोरकेला ५-७ मीटरपर्यंत भरवशाची. १८ मीटरला चित्र लुकलुकणार, नाहीतर येणारच नाही. शिवाय २०१३ च्या एचडीएमआय २.० ला सेकंदाला १८ गिगाबिट पुरत होते, २०१७ च्या २.१ ला ४८ लागतात. गाडलेली केबल दर वेळी भिंत फोडून बदलणार काय?

प्रत्येक टीव्हीपासून हॉलपर्यंत कॅट-६ च्या (इंटरनेटच्या नेटवर्क केबलच्या) दोन-दोन केबली ओढा. एकीवर एचडीबेसटी एक्स्टेंडर (एचडीएमआयचं चित्र कॅट-६ वरून लांब नेणारे, दोन टोकांचे दोन डबे), दुसरी इंटरनेटला. एक्स्टेंडरची केबल मात्र सरळ डब्यातून डब्यात जाते, मध्ये नेटवर्क स्विच लावायचा नाही. फोरके ६० (सेकंदाला ६० चित्रं) चालतं का, हे डबा घेतानाच विचारा.

कडक_भाकरी
कॅट-६ घेताना टोक सोलून तार ब्लेडनं खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, दुकानातच ठेवून या. ३०५ मीटरची पेटी फारच स्वस्त मिळाली की हटकून तीच असते.

सातरस्ता
केबलचं झालं, पण रिमोटचं काय? एका बॉक्सचं चित्र सगळीकडे वाटायला स्प्लिटर लावला तर चारही टीव्हींना एकच चित्र. वडिलांनी कीर्तन लावलं की हॉलमधली मॅच गेली! वेगवेगळं बघायचं तर मॅट्रिक्स (कुठल्या टीव्हीला कुठला बॉक्स ते निवडणारा डबा) लागतो, आणि तरी एका बॉक्सवर चॅनेल एकच लागणार. त्यापेक्षा वडिलांना वेगळा बॉक्स द्या. त्यासाठी गच्चीवरच्या छत्रीपासून त्यांच्या खोलीपर्यंत आरजी-६ ची (छत्रीची गोल) केबल आत्ताच ओढून ठेवा.
स्प्लिटर घेतलाच तर एक जुना फुल एचडी टीव्ही बाकीच्या फोरके टीव्हींनाही खाली ओढतो, तेवढं ध्यानात असू द्या. कॅमेऱ्यांचं म्हणाल तर डीव्हीआर इंटरनेटला जोडा, स्मार्ट टीव्हीवर त्याचं ॲप चालत असेल तर वेगळी केबल कशाला?

झिरीवाला
वडिलांच्या बॉक्सचं पटलं. मग स्प्लिटर स्वयंपाकघर आणि वरच्या खोलीपुरताच. पाइप किती मिमीचा? लाइटच्याच झिरीत बसवला तर चालेल का?

जुना_वायरमन
२५ मिमीचा. लाइटच्या पाइपात तर अजिबात नको. झिरीही वेगळी, फूटभर अंतर सोडून. जिथं ओलांडावंच लागेल तिथं काटकोनात. वळणावर एल्बो नको, लांब बेंड वापरा, एल्बोत केबल अडकून बसते. आणि गवंडी प्लास्टर मारायच्या आधी पाइपांची तोंडं कापडाचा बोळा घालून बंद करा, आत माल गेला की संपलंच.

कडक_भाकरी
पुढं केबल ओढायला प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी पण सोडा. सुतळी नको, कुजते.