दोन-एकचे पहिले दान: पाचच्या घरावर एकटी सोंगटी ठेवावी का?

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

गेल्या रविवारी आमच्या सोप्यात बॅकगॅमनचा पट मांडला होता. बाहेर पावसाने झड धरली होती, त्यामुळे कोणालाच उठायची घाई नव्हती. पाच गुणांच्या सामन्याचा पहिलाच डाव. माझ्या फाशावर दोन आला, समोरच्यांच्या फाशावर एक. मोठा फासा माझा, म्हणून नियमाप्रमाणे तेच २-१ घेऊन पहिली चालही माझी. मी तेराच्या घरातली एक सोंगटी अकरावर आणली आणि सहाच्या घरातल्या पाचांपैकी एक उचलून शेजारच्या पाचच्या घरावर एकटीच ठेवली. समोरच्यांनी ४-३ टाकून ती मारली. तो डाव मी हरलो, आणि चहा येईपर्यंत सगळ्यांनी एकमताने ठरवून टाकले की मी ती सोंगटी हकनाक बळी दिली. मला हे मुळीच मान्य नाही.

नवख्यांसाठी थोडक्यात सांगतो. घरे आपापल्या बाजूने १ ते २४ अशी मोजतात आणि सोंगट्या चोवीसकडून एककडे चालतात. प्रत्येकाच्या १५ सोंगट्या असतात: सहाच्या घरात ५, आठच्या घरात ३, तेराच्या घरात ५ आणि अगदी मागे, चोवीसच्या घरात २. प्रतिपक्षाच्या मागच्या दोन सोंगट्या त्यामुळे माझ्या एकच्या घरात बसलेल्या असतात. एका घरात दोन सोंगट्या आल्या की ते घर बांधले गेले, तिथे समोरच्याला उतरता येत नाही. एकटी सोंगटी मात्र मारली जाते.

सुरुवातीला पाचच्या घराएवढे मोलाचे दुसरे घर नाही. सहा आणि आठ आपल्याकडे आधीपासूनच असतात; त्यांत पाचची भर पडली की समोरच्याच्या मागच्या सोंगट्यांची वाट आवळली जाते आणि ते घर डावाच्या शेवटापर्यंत कामाला येते. ३-१ पडले तर ते तिथल्या तिथे बांधावे, यावर कोणाचेच दुमत नाही. २-१ ने ते एका चालीत बांधता येत नाही, म्हणून मी पाया घालून ठेवला.

आता हिशेब पाहा. एकच्या घरातून पाचच्या घरावर मारायला चार पावले लागतात. ज्यात ४ आहे अशी ११ दाने, ३-१ ची २, आणि २-२ व १-१ प्रत्येकी १, अशी ३६ पैकी १५ दाने मला मारतात. उरलेल्या २१ दानांनंतर माझी पाळी येते, आणि तेव्हा ५-५, ५-४ व ५-२ सोडून बाकी सर्व, म्हणजे ३६ पैकी ३१ दानांनी मी त्या सोंगटीला जोडीदार देऊ शकतो. दोन्ही टप्पे मिळून साधारण निम्म्या वेळा पाचचे घर माझे होते. पाया न घालता नुसती अकरावर सोंगटी आणून वाट पाहिली, तर पुढच्या हाताला ३-१, ६-१, ६-३, १-१, ३-३ किंवा ४-४ हवे, म्हणजे ३६ पैकी अवघी ९ दाने. निम्मे कुठे आणि पाव कुठे! माझे ठाम मत आहे की २-१ ला पाचवर सोंगटी ठेवावी आणि मार बसला तरी पश्चात्ताप करू नये.

निपाणीची वाचक

टिळकवाडीकर सर, आपला हिशेब चुकलेला नाही, पण तो पटाच्या एकाच बाजूचा आहे. त्या १५ दानांची किंमत आपण मांडलीच नाही. डावाच्या आरंभी प्रत्येक खेळाडूला सगळ्या सोंगट्यांची मिळून १६७ पावले चालायची असतात. आपण ३ चाललात, १६४ उरली. पाचवरची सोंगटी मेली की ती पुन्हा पंचवीसपासून, म्हणजे चोवीसच्याही मागून पटाबाहेरून निघते, म्हणजे २० पावलांचा तोटा, आणि आपण १८४ वर जाता. त्याहून वाईट म्हणजे मारणाऱ्याची मागे अडकलेली एक सोंगटी त्याच दानात मोकळी व्हायच्या वाटेला लागते आणि पुढाकार त्याच्याकडे जातो.

माझ्या मते २-१ ला दोन तेरावरून अकरावर खेळावा, पण एक मागे वापरावा: चोवीसमधली एक सोंगटी तेवीसवर. अकरावरची सोंगटी फक्त ६-४ ने मरते, ३६ पैकी २ दाने. मागच्या दोघींपैकी एखादी मेली तर आपले नुकसान एक-दोन पावलांचे. आणि मिळते बरेच काही. मागच्या सोंगट्या दोन वेगळ्या घरांवर असल्या की त्यांना समोरच्याच्या अंगणात, म्हणजे एकवीस किंवा विसाच्या घरात, एकत्र येऊन घर बांधण्याच्या वाटा वाढतात. समोरच्यालाही आपल्या सोंगट्या तेरावरून निर्धास्तपणे खाली आणता येत नाहीत, कारण आता दोन ठिकाणांहून त्यांच्यावर नजर असते.

ही केवळ माझी आवड नाही. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत नामांकित खेळाडू २-१, ४-१ आणि ५-१ या तिन्ही दानांना आपल्यासारखाच पाचवर पाया घालत असत. १९९२ मध्ये आयबीएमच्या जेराल्ड टेसॉरो यांनी टीडी-गॅमन हा प्रोग्रॅम तयार केला. तो लाखो डाव स्वतःशीच खेळून शिकला होता. त्याने या दानांना मागची सोंगटी तेवीसवर काढणे पसंत केले. बिल रॉबर्टी यांच्यासारख्या जाणकारांनी ते तपासून पाहिले, स्पर्धांतल्या खेळाडूंनी ते करून पाहिले, आणि ४-१ व ५-१ साठी जुनी चाल जवळपास नाहीशी झाली.

निवृत्त सुभेदार, हिंडलगा

आपण दोघेही विद्वान आहात, पण माझ्या साध्या प्रश्नाचे उत्तर कोणी देत नाही. पहिल्याच हाताला सोंगट्या उघड्या टाकायच्या कशाला? मी लहानपणापासून आजोबांबरोबर सारीपाट खेळलो. जुग, म्हणजे एका घरातली जोडी, फुटला की सोंगटी मेली, हे त्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवले. मी २-१ ला तेरावरची एकच सोंगटी तीन पावले चालवून दहावर ठेवतो. ती मारायला समोरच्याला नऊ पावले हवीत: ६-३, ५-४ किंवा ३-३, म्हणजे ३६ पैकी ५ दाने. ना पाचच्या घरावर धोका, ना मागची जोडी फुटली. पलटणीतही आम्ही मोर्चा पक्का केल्याशिवाय पुढे सरकत नव्हतो.

टिळकवाडीकर

सुभेदार काका, आपल्या आजोबांची शिकवण सारीपाटासाठी खरी आहे, पण इथे ती जशीच्या तशी लावता येत नाही. सारीपाटात मेलेल्या सोंगटीची सगळी वाटचाल वाया जाते, हाती काहीच उरत नाही. बॅकगॅमनमध्ये मेलेली सोंगटी समोरच्याच्या अंगणातून पुन्हा पटावर येते. डावाच्या आरंभी तिथे त्याचे सहाचे घर तेवढे बांधलेले असते, म्हणून ३६ पैकी ३५ दानांनी ती लगेच आत शिरते, एका ६-६ ने तेवढी अडते, आणि आत शिरल्यावर तिथेच आपले घर बांधायला तिचा उपयोगही होतो. शिवाय मारणाऱ्याची सोंगटी माझ्या पाचच्या घरावर बहुधा एकटीच उभी असते, आणि तिला उलट मारायला सहा, आठ, अकरा आणि तेरा या चार घरांवर माझी माणसे तयार असतात. रविवारी मला उलट मारता आले नाही, हे फाशाचे झाले, चालीचे नव्हे.

आपल्या दहाच्या चालीत धोका कमी आहे, हे मी मान्य करतो. पण त्या चालीने पुढे काय साधले? एक सोंगटी तीन घरे खाली आली, एवढेच. पहिला हात आपल्याकडे असण्याचा जो थोडा फायदा असतो, तो आपण आपण होऊन परत करतो.

निपाणीच्या ताईंना एक विचारतो. तेवीसची चाल खेळल्यावर समोरच्याला ५-५ पडले तर तो आठवरच्या दोन सोंगट्या तीनवर आणि सहावरच्या दोन एकवर आणतो, आपली एकटी राहिलेली सोंगटी मारतो आणि एका दानात दोन घरे बांधतो. माझ्या चालीनंतर माझी मागची जोडी अभंग असल्याने हेच ५-५ त्याला इतके लाभत नाही. हा धोका आपण हिशेबात धरला आहे का?

निपाणीची वाचक

धरला आहे, सर. ते ३६ पैकी एक दान आहे. त्याची भीती मी घ्यायची आणि १५ दानांची आपण घ्यायची नाही, असे कसे चालेल?

खानापूरचा मास्तर

मी शाळा सुटल्यावर चार-पाच मुलांना हा खेळ शिकवतो, म्हणून दोन गोष्टी लिहितो. पहिली अशी की नवशिक्याने २-१ ला पाचवर सोंगटी ठेवूनच खेळावे. तेवीसची चाल खेळलेल्या मुलाला पुढचे दहा हात मागच्या दोन सुट्या सोंगट्यांचे काय करावे ते कळत नाही. पाचवर ठेवलेल्या मुलाला पुढच्या हाताला काय करायचे ते पक्के ठाऊक असते. माझ्या वर्गातली एक मुलगी ती सोंगटी ठेवल्यावर बोट तिच्यावरच ठेवून समोरच्याचे फासे थांबेपर्यंत श्वास रोखून बसते, आणि मार चुकला की सहावरची दुसरी सोंगटी एवढ्या जोरात शेजारी ठेवते की पट हलतो. घर बांधणे म्हणजे काय, हे तिला त्या क्षणी समजते.

दुसरी गोष्ट या चर्चेत अजून कोणी काढलेली नाही, ती म्हणजे गुणफलक. एकही सोंगटी पटाबाहेर न काढता हरलो तर तो गॅमन, आणि त्याचे गुण दुप्पट जातात. पाचवरची सोंगटी मेल्यावर गॅमनने हरण्याचा संभव वाढतो, निपाणीच्या ताईंच्या आक्षेपाला खरा जोर तिथे आहे. पण पाच गुणांच्या सामन्यात फलक ४-४ असेल तर साधी हार आणि गॅमन यांत काही फरक उरत नाही. तेव्हा ती किंमत गळून पडते आणि पाचवर पाया घालणेच उजवे ठरते.

निपाणीची वाचक

मास्तरांचे गुणफलकाचे म्हणणे मला पूर्ण पटते, आणि ४-४ वर मीही पाचवरच ठेवीन. परंतु टिळकवाडीकर सरांचा डाव सामन्याचा पहिला होता, फलक ०-० होता. तिथे गॅमनची किंमत पुरेपूर मोजावी लागते.

मुलांना सोपे जाते म्हणून ती चाल चांगली, हे मात्र मी मानणार नाही. मागच्या सोंगट्या हाताळता येत नसतील तर त्या हाताळायला शिकवावे. आणि एका डावाच्या निकालावरून चाल जोखू नये, हे मी सरांच्या टीकाकारांनाही सांगते. १९७९ मध्ये मॉन्टे कार्लो येथे हान्स बर्लिनर यांच्या प्रोग्रॅमने तेव्हाचा जगज्जेता लुइजी व्हिला याला ७-१ असे हरवले, तेव्हा खुद्द बर्लिनर यांनीच डाव तपासून सांगितले की फाशांनी प्रोग्रॅमची बाजू घेतली होती आणि चाली व्हिलाच्याच सरस होत्या. रविवारच्या त्या ४-३ ने सरांना चूक ठरवले नाही. तसे ते दान हुकले असते तर बरोबरही ठरवले नसते.

टिळकवाडीकर

ताई, शेवटचे वाक्य मी रविवारच्या मंडळींना वाचून दाखवणार आहे. ४-१ आणि ५-१ या दोन दानांवरचा माझा आग्रह मी सोडतो. तिथे तेरावरून आलेली सोंगटी नऊवर किंवा आठवर बसते, आणि २-१ मध्ये अकरावर बसून जसा सहा पावलांवरून थेट आधार देते तसा आधार ती तिथून देत नाही, हे पट मांडून पाहिल्यावर माझ्या लक्षात आले. नऊवरून निदान चार उपयोगी पडतो. आठवर तर आधीच तीन सोंगट्या आहेत, चौथीने नवा आकडा मिळत नाही. २-१ वर मात्र मी हटत नाही, ०-० वरसुद्धा नाही. तिथे दोन्ही चालींतला फरक इतका बारीक आहे की ज्याला पुढचा डाव ज्या पद्धतीने खेळता येतो त्याने ती निवडावी, आणि मला घरे बांधत पुढे जाणे जमते.

निवृत्त सुभेदार, हिंडलगा

येत्या रविवारी फलक ४-४ झाला आणि २-१ पडले, तर मी पाचवर ठेवून पाहीन. ०-० वर मी दहावरच जाणार.

निपाणीची वाचक

सुभेदार काका, मी निपाणीहून सकाळच्या एसटीने येते. मला आपल्यासमोर बसवा, आणि आपण दहावर गेलात की माझ्या पहिल्या हाताला काय होते ते सगळ्यांनी मोजत बसू.