विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालणारी एकच हार्ड डिस्क: फॉरमॅट कोणते ठेवावे?

ओवीसंग्रह
नमस्कार. आम्ही तिघे मिळून भोर आणि मुळशी तालुक्यांतील गावांमध्ये जात्यावरच्या ओव्यांचे चित्रीकरण करतो. माझा लॅपटॉप विंडोजचा आहे, संकलन करणारी मैत्रीण मॅकबुक वापरते आणि ओव्या लिहून काढणारे आमचे सर उबुंटूवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) काम करतात. २ टीबीची एक हार्ड डिस्क आमच्यात आळीपाळीने फिरते. मॅकवर तिच्यातील चित्रफिती उघडतात, मात्र नवी फाइल टाकता येत नाही आणि जुनी पुसताही येत नाही. डिस्कवर सुमारे ७०० जीबी चित्रण असून अनेक फाइली ६ ते ८ जीबीच्या आहेत. एका दुकानदाराने ‘फॅट ३२ करून घ्या’ असे सुचवले आहे. ते योग्य ठरेल का, आणि आतील चित्रण न पुसता फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइली साठवण्याची पद्धत, बदलता येईल का?

सदस्य १
आपली डिस्क बिघडलेली नाही. ती बहुधा एनटीएफएसमध्ये आहे. विंडोज एनटीसाठी १९९३ मध्ये आलेले हे फॉरमॅट मॅकला वाचता येते, पण त्यावर लिहिण्याची सोय मॅकमध्ये मुळात दिलेली नाही. फॅट ३२ कृपया करू नका, कारण त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही आणि आपल्या बहुतेक चित्रफिती तिथेच अडतील.

आपल्याला हवे आहे ते एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ते २००६ मध्ये आणले आणि मॅकवर २०१० पासून, म्हणजे १०.६.५ या आवृत्तीपासून, ते चालते. लिनक्सवर मात्र बराच काळ वेगळे सॉफ्टवेअर घालावे लागत असे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये त्याची तांत्रिक माहिती खुली केली आणि २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ५.७ या आवृत्तीत ते हाताळणारे चांगले सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) आले, त्यामुळे सरांचे उबुंटू अलीकडचे असेल तर काही घालावे लागणार नाही.

चित्रण जागेवर ठेवून एनटीएफएसचे एक्सफॅट करण्याची सोय विंडोजमध्ये नाही. आधी सर्व चित्रण दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावेच लागेल. सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर ७०० जीबीसाठी साधारण दोन तास लागतात, आणि लहान फाइली पुष्कळ असतील तर त्याहून बरेच अधिक.

सदस्य २
वरील उत्तराशी सहमत आहे, पण एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. एनटीएफएस आणि मॅकचे स्वतःचे फॉरमॅट एपीएफएस यांमध्ये, लिहिणे मध्येच तुटले तरी डिस्कची मांडणी शाबूत राहावी अशी व्यवस्था असते. एक्सफॅटमध्ये ती नाही, म्हणून इजेक्ट न करता (संगणकाला डिस्क काढत असल्याचे न सांगता) केबल ओढली तर केवळ चालू फाइलच नव्हे, तर संपूर्ण फोल्डरही हरवू शकतो. तसे चुकून घडल्यास पुढच्या वेळी मॅकवर डिस्क बराच वेळ दिसतच नाही, कारण मॅक पडद्यामागे तिची तपासणी करत असते. अशा वेळी घाबरून केबल पुन्हा काढू नका, वाट पाहा.

गावात जाऊन पुन्हा गाऊन घेता येणार नाहीत अशा ओव्या या एकाच डिस्कवर राहू देऊ नका. मूळ चित्रण घरच्या वेगळ्या डिस्कवर एनटीएफएसमध्येच असू द्या आणि एक्सफॅटची डिस्क फक्त ने-आण करण्यासाठी वापरा. फॉरमॅट विंडोजवरूनच करा. ड्राइव्हवर उजवी क्लिक करून फॉरमॅट निवडले की यादीत एक्सफॅट दिसते, आणि ‘अलोकेशन युनिट’ (डिस्कवरील जागेच्या एका तुकड्याचा आकार) आहे तसेच राहू द्यावे.

सदस्य ३
नावांकडेही लक्ष द्यावे. प्रश्नचिन्ह किंवा सरळ दुहेरी अवतरणचिन्ह असलेले फाइलचे नाव मॅकवर चालते, विंडोजवर चालत नाही. मराठी नावांची आणखी एक अडचण आहे. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सांकेतिक पद्धतीत) एका सलग अक्षराने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) मिळूनही लिहिता येतो. मॅकचे जुने फॉरमॅट एचएफएस प्लस दुसरा प्रकार साठवते. त्यामुळे डोळ्यांना अगदी सारखी दिसणारी दोन नावे तुलना करणाऱ्या सॉफ्टवेअरला भिन्न वाटू शकतात आणि तीच चित्रफीत दोनदा उतरवली जाते. आम्ही आमच्या संग्रहात गावाचे रोमन लिपीतील लघुरूप आणि दिनांक एवढेच नावात ठेवतो, आणि मराठी तपशील वेगळ्या तक्त्यात लिहितो.

ओवीसंग्रह
सर्वांचे मनापासून आभार. चित्रण दुसऱ्या डिस्कवर उतरवले, फाइलींची संख्या आणि आकार जुळवून पाहिले आणि मगच फॉरमॅट केले. आता तिन्ही यंत्रांवर लिहिता येते. मात्र मैत्रिणीकडून डिस्क परत आली की प्रत्येक चित्रफितीशेजारी टिंब आणि अधोरेखेने सुरू होणारी, त्याच नावाची काही केबींची फाइल दिसते. ती पुसावी का?

सदस्य २
त्या फाइलींमध्ये मॅक स्वतःची जोडमाहिती ठेवते, उदाहरणार्थ फाइलीला दिलेले रंगीत टॅग. त्या पुसल्याने चित्रफितीला धक्का लागत नाही, पण संकलनात मैत्रीण हे टॅग वापरत असेल तर ते जातील. त्यामुळे आधी तिला विचारा.