मदत हवी आहे: मुर्शिदाबादच्या मिस्त्रीला 'पडताळणी'साठी नेलंय, काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात फ्लोअरिंगची छोटी कामं घेतो. माझ्याकडे सहा वर्षं टाइल्स बसवणारा मिस्त्री पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या डोमकलचा आहे. परवा रात्री पोलिसांनी बांगलादेशी असल्याच्या संशयावरून साइटवरच्या खोलीतून त्याच्यासह तिघांना नेलं. दोघं सकाळी सुटले, हा अजून आत आहे. त्याच्या गावाकडून पडताळणी होऊन यायची आहे, असं सांगतात.

मी वाचलं त्यावरून, परकीय नागरिक आणि हद्दपारी हा विषय केंद्राचा, पण ते अधिकार १९५८ पासून राज्यांनाही दिलेत, म्हणून हे काम आपल्या पोलिसांकडे येतं. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा आला, तरी आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं माणसावरच आहे.

आधार, पॅन, मतदार ओळखपत्र सगळं दिलं. पण तेवढ्यावरून कुणी नागरिक ठरत नाही, असं मुंबई हायकोर्टाने ऑगस्ट २०२५मध्ये म्हटलंय. त्याचा जन्म १९९४चा. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांना आई-वडिलांपैकी एक जण तरी भारतीय नागरिक होता हे दाखवावं लागतं. काल त्याच्या भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आजोबांच्या जमिनीचा पर्चा पाठवला, घडीवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला. सोबत २००२च्या मतदार यादीचं पान. त्यात वडील 'सेख', मुलाच्या आधारवर 'शेख'. एवढ्या एका अक्षरावर अडेल का? प्रतिज्ञापत्र पुरेल का?

दुसरं, अटक दाखवलेली नाही, नुसतं बसवून ठेवलंय. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याचा नियम इथे लागू होतो ना? हेबियस कॉर्पस (डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणायला लावणारी याचिका) आत्ताच टाकावी की थांबावं?

मला खरी भीती पुढची आहे. जून २०२५मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या बंगालच्या मजुरांना सीमेपलीकडे ढकललं गेलं होतं, बंगाल पोलिसांनी कागद दिल्यावर ते परत आले. डोमकलहून उत्तर येण्याआधी याला हलवलं तर? पश्चिम बंगाल सरकारच्या स्थलांतरित मजूर कल्याण मंडळाशी कुणाचा संपर्क झालाय का? ते तिकडच्या पोलिसांकडून लवकर उत्तर पाठवायला लावतात का?

त्याच्या घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी आहे. भाऊ दर तासाला फोन करतो, मोडक्या हिंदीत एकच विचारतो, "दादा, देखा उसको?" मला अजून भेटू दिलेलं नाही.

आज चार वाजता कागदांच्या प्रती घेऊन पुन्हा जातोय. अशी केस हाताळलेला ठाण्या-मुंबईतला वकील माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. फी मी देईन.